वर्गणी भरण्याआधी एक साइट बघून ये

पाटण तालुक्यातली एक विद्यार्थिनी लिहिते. ती जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून सिव्हिल घेतलं. घरी या क्षेत्रातलं कोणी नाही. वडील गवंडीकाम करतात, आई शेतावर जाते. लेकीनं आतापासूनच एमपीएससीच्या मागे लागावं, म्हणजे तिला उन्हात उभं राहावं लागणार नाही, असं वडिलांना वाटतं. वर्गातली बरीच मुलं कोडिंगचे क्लास लावून आयटीत जायच्या तयारीत आहेत. सिव्हिलमध्ये कॉन्ट्रॅक्टरची साइट किंवा सरकारी नोकरी यापलीकडे काय असतं, हे तिला माहीतच नाही. कॉलेजात दोन व्यावसायिक संस्थांचे स्टुडंट चॅप्टर, म्हणजे विद्यार्थी शाखा, आहेत. दोन्हींची मिळून वर्गणी बाराशे रुपये, फॉर्म भरायची मुदत महिनाअखेर. एक सीनियर म्हणते, "रेझ्युमेवर दिसतं, घेऊन टाक." दुसरा म्हणतो, "वर्षातून एकदा इंजिनिअर्स डे होतो, फोटो काढतात, बाकी काही नाही." एवढे पैसे घरी मागायचा तिला संकोच वाटतो, आणि इंग्रजीत बोलायची भीती तर आहेच. शेवटी ती विचारते, "मॅडम, मी सदस्य होऊ का? आणि मला नक्की काय व्हायचंय, हे मी ठरवू तरी कसं?"

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

काय व्हायचंय हे होस्टेलच्या खोलीत बसून ठरत नाही. ज्या कामांची नावंही कानावर आलेली नाहीत, त्यांतून निवड कशी करणार? तुझ्यापुढे दोनच पर्याय आहेत, कारण आतापर्यंत तू दोनच प्रकारची माणसं पाहिली आहेस. यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. ज्यांच्या घरी इंजिनिअर काका-मामा असतात, त्यांच्या कानावर जेवताना दहा गोष्टी पडतात; तुला त्या मुद्दाम शोधाव्या लागतील. पण त्या शोधता येतात, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "घरी या क्षेत्रातलं कोणी नाही, वडील गवंडीकाम करतात." अगं, वडील याच क्षेत्रात आहेत! तुझ्या पुस्तकात जे काँक्रीट आकृतीत आहे, ते त्यांनी हातानं कालवलंय, घमेल्यानं वाहिलंय, स्लॅबवर पसरलंय. माल किती पातळ झाला की सेंटरिंगच्या (स्लॅबखाली ठोकलेल्या साच्याच्या) फटीतून सिमेंटचं दूध गळायला लागतं, कोणत्या वाळूत माती आहे, कुठे पाणी मारायचं राहिलं की पुढे चिरा दिसतात, हे त्यांना माहीत असणार. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत कामावर जा. जाताना वही ने. ५० किलोच्या एका गोणीला ते किती पाणी घालतात ते मोज. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या (कोडमधल्या) तक्त्यात प्रबलित काँक्रीटसाठी अगदी सौम्य वातावरणातही पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५५ दिलं आहे, म्हणजे एका गोणीला साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं. प्रत्यक्षात त्याहून जास्त पडत असेल तर का पडतं ते विचार. हे वडिलांची चूक काढायला नाही. माल घट्ट असला तर हातानं पसरवणं जड जातं, व्हायब्रेटर भाड्यानं आणायला मालक पैसे देत नाही, पंपानं वर न्यायचा तर घट्ट माल अडकतो. कोड आणि काम यांच्यात ही जी फट आहे, त्या फटीतच हजारो सिव्हिल इंजिनिअरांचं पोट भरतं. मटेरिअल टेस्टिंगची लॅब, रेडीमिक्सचा प्लांट, अॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायची रसायनं) बनवणाऱ्या कंपन्या, क्वालिटी कंट्रोल, जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, दुरुस्ती. वडिलांसोबतच्या एका दिवसातून पाच-सहा प्रकारची कामं तुला दिसतील, आणि दोघांना बोलायला एक नवा विषय मिळेल तो वेगळाच.

मग जरा लांब बघ. तू पाटणची. कोयना तुझ्या घरापासून फार दूर नाही. धरण म्हणजे सहलीचं ठिकाण अशीच आपली ओळख असते. पण तिथे किती प्रकारचे इंजिनिअर राबले आणि अजून राबताहेत, हे एकदा मोजून बघ. १०३ मीटर उंचीचं रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड घातलेल्या काँक्रीटचं, धरण. त्याचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला उतरवलं आहे आणि पोफळीला जमिनीखाली वीजघर आहे. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या आणि पुढे उंच भागांना मागच्या अंगानं काँक्रीटचा आधार देऊन बळकटी दिली गेली. धरणांवर भूकंपाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करताना जगभरचे संशोधक आजही कोयनेचं उदाहरण घेतात. पुढे १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता खालून स्फोट करून बोगदा तळ्याला जोडला, ते लेक टॅपिंग. आता या एका ठिकाणी कोणकोण लागलं ते बघ: खडक वाचणारा भूतंत्रज्ञ, बोगद्याचा माणूस, पाऊस आणि पूर मोजणारा जलशास्त्राचा माणूस, धरणाच्या भिंतीत बसवलेल्या उपकरणांचे आकडे रोज बघणारा, भूकंपाच्या जोराचं गणित मांडणारा, सांडव्याच्या दारांचा. २०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा आला, त्यानंतर या कामाचं महत्त्व आणखी वाढलं आहे. यातलं एकही काम तुझ्या दोन पर्यायांच्या यादीत नव्हतं.

मोठं धरण नको, रोजच्या जगण्यातलं काही हवं असेल तर कराडजवळचं मलकापूर बघ. तिथल्या चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेची चर्चा राज्याबाहेरही झाली. मी स्वतः पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून हा विषय माझ्या जास्त जवळचा आहे. तरीही सांगते, सिव्हिलमधला सगळ्यात कमी दिसणारा आणि लोकांच्या आयुष्याशी सगळ्यात थेट जोडलेला भाग हाच. नळाला दिवसातून दोनच तास पाणी येतं तेव्हा पाइप बाकी वेळ रिकामा राहतो, दाब जातो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. चोवीस तास दाब राहिला तर हे टळतं. पण त्यासाठी प्रत्येक नळाला मीटर हवा, गळती शोधता यायला हवी आणि लोकांना पाण्याचं बिल वापराप्रमाणे भरायला राजी करावं लागतं. म्हणजे पाइपांतल्या प्रवाहाची समीकरणं, पंप, जीआयएसचा (संगणकावरचा) नकाशा, आणि नगरपंचायतीच्या सभेत बोलायची तयारी, हे सगळं एकाच माणसाकडे हवं. तुला माणसांशी बोलायला आवडतं की नकाशात डोकं घालून बसायला, हे तुझं तुला अशाच ठिकाणी उमगेल.

आता संस्थांकडे येते.

या संस्था रेझ्युमेवर नाव लिहिता यावं म्हणून निघालेल्या नाहीत. एकाच प्रकारचं काम करणारी माणसं एकमेकांना भेटावीत, कुठे काय फसलं आणि काय जमलं ते सांगावं, त्यातून नियम आणि मानकं तयार व्हावीत, म्हणून त्या निघाल्या. आपल्याकडचं एक चांगलं उदाहरण म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. देशातल्या रस्त्यांची स्थिती बघायला १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीतून १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. आज आपल्या रस्त्याची रुंदी, वळण, डांबराचा थर, पुलावरचा भार, सगळं आयआरसीच्या कोडप्रमाणे ठरतं. द इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) त्याहून जुनी, १९२० ची, मुख्य कार्यालय कोलकात्याला, आणि आपल्या राज्यातल्या मोठ्या शहरांत तिची केंद्रं आहेत. जमीन आणि पाया यांत काम करणाऱ्यांची इंडियन जिओटेक्निकल सोसायटी १९४८ ची. पाणीपुरवठ्यातल्या लोकांची इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन १९६८ ची. काँक्रीटवाल्यांची इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट १९८२ ची. नदी, कालवे, सांडवे यांत काम करणाऱ्यांची इंडियन सोसायटी फॉर हायड्रॉलिक्स तर पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातच आहे, जे केंद्र १९१६ पासून धरणं आणि बंदरांची छोटी प्रतिरूपं बांधून पाण्याचं वागणं तपासतं. ही नावं पाठ करू नकोस. पण एवढं लक्षात घे, की तू ज्या कामाकडे वळशील, तिथली माणसं कुठे जमतात हे तुला माहीत असलं पाहिजे.

म्हणून तुझ्या दोन्ही सीनियरांशी मी अर्धीच सहमत आहे. सदस्यत्वाच्या कागदाला मुलाखतीत फार किंमत नसते. समोरचा हमखास विचारतो, "मेंबर होतीस, मग काय केलंस?" तिथे गप्प बसावं लागलं तर ती ओळ नसलेली बरी. आणि वर्षातून एकदा फोटो काढणारा चॅप्टर असेल तर तुझा दुसरा सीनियर बरोबर आहे. पण चॅप्टर मरगळलेला असला तरी त्याची मूळ संस्था मरगळलेली असतेच असं नाही. तुझ्या कॉलेजातल्या दारातून आत गेल्यावर पुढे कोण भेटतं, त्यावर वर्गणीची किंमत ठरते.

मग तपासायचं कसं? फॅकल्टी कोऑर्डिनेटरकडे सरळ जा आणि विचार: गेल्या वर्षी चॅप्टरनं काय काय केलं, साइट व्हिजिट किती झाल्या आणि कुठल्या, बाहेरून बोलायला कोण आलं. नोटीस आणि फोटो बघायला माग. मग सगळ्यात महत्त्वाचं विचार: माझं नाव मूळ संस्थेकडे नोंदलं जाणार का, मला माझा सदस्य क्रमांक मिळणार का, संस्थेचं नियतकालिक वाचायला मिळेल का, जवळच्या केंद्रात होणाऱ्या व्याख्यानांना जाता येईल का. क्रमांक मिळणार नसेल, म्हणजे पैसे कॉलेजच्या क्लबपुरतेच असतील, तर ते वाईट आहेत असं नाही, पण मग ती क्लबची वर्गणी आहे आणि तिचा हिशेब वेगळा करायचा. हे विचारायला कचरू नकोस. पैसे देणाऱ्याला पावती आणि उत्तर दोन्ही मागायचा हक्क असतो.

दोन्ही चॅप्टर घ्यायची गरज मला अजिबात दिसत नाही. उत्तरं समाधानकारक मिळाली तर एक घे. कोणता, हे वडिलांसोबतचा तो दिवस आणि एखादी साइट बघितल्यावर ठरव. मुदत महिनाअखेर असली तरी पुढच्या वर्षीही महिनाअखेर येणारच आहे. एक वर्ष उशिरा सदस्य झालीस म्हणून काही बिघडत नाही. आणि एकही नाही घेतलास, तरी बऱ्याच गोष्टी विनापैशात होतात. संस्थांच्या स्थानिक केंद्रांची संध्याकाळची व्याख्यानं अनेकदा सगळ्यांना खुली असतात. नाव नोंदवायचं आणि जायचं. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांची एएससीई ही १८५२ ची संस्था आणि ब्रिटनमधली १८१८ ची आयसीई विद्यार्थ्यांना मोफत सदस्यत्व देतात. फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या सध्याच्या अटी वाचून घे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला. आयएस कोडसुद्धा भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. ४५६ चं पुस्तक झेरॉक्स करून आणायचे दिवस गेले.

एक गोष्ट मात्र पैशापेक्षा जास्त कामाची आहे. चॅप्टरमध्ये गेलीस तर मागच्या बाकावरची सदस्य राहू नकोस, काम अंगावर घे. साइट व्हिजिटची परवानगी मागणारं पत्र जी मुलगी लिहिते, तिच्याकडे कार्यकारी अभियंत्याचा नंबर येतो. पाहुण्यांना एसटी स्टँडवरून कॉलेजात आणायला जी जाते, तिला त्यांच्याशी वीस मिनिटं निवांत बोलायला मिळतं. सभागृहातल्या दोनशे मुलांना ते मिळत नाही. मंचावर सूत्रसंचालन करणाऱ्यांचं कौतुक होतं, पण ओळखी होतात त्या पत्रं लिहिणाऱ्यांच्या. आणि ही कामं मराठीत होतात.

इंग्रजीची भीती मी हलक्यानं घेत नाही. वाचायला ते लागेलच; कोड, टेंडर, शोधनिबंध सगळं इंग्रजीत आहे. त्यासाठी रोज एक पान वाच, अडलेला शब्द लिहून ठेव, वर्षभरात फरक पडेल. बोलण्याचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्रातल्या साइटवर, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत, लॅबमध्ये माणसं मराठीत नाहीतर हिंदीत बोलतात. तू मराठीत विचारलेल्या चांगल्या प्रश्नाला चांगलंच उत्तर मिळेल. पहिला मेसेज कसा लिहायचा हे कळत नसेल तर असा लिही:

"नमस्कार सर. मी अमुक कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपण तमुक कामावर आहात असं आमच्या सरांकडून कळलं. या क्षेत्रात रोजचं काम कसं असतं हे मला समजून घ्यायचं आहे. आपल्या सोयीनं फोनवर पंधरा मिनिटं वेळ मिळेल का? माझे चार प्रश्न मी आधी लिहून पाठवते. वेळ नसेल तर काही हरकत नाही."

दहा जणांना पाठवलास तर तीन-चार जण नक्की उत्तर देतील. जे देणार नाहीत त्यांचा राग धरू नकोस. स्लॅबच्या दिवशी इंजिनिअरला स्वतःचा डबा उघडायला वेळ नसतो.

आणि ते चार प्रश्न कोणते? "सर, यात स्कोप आहे का?" हा त्यात नको. त्याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या मूडप्रमाणे देतो आणि त्यातून तुझ्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा विचार: काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलंत? या कामातला कोणता भाग तुम्हाला अजूनही कंटाळवाणा वाटतो? काम चुकलं की कोण जबाबदार धरलं जातं आणि मग काय करावं लागतं? माझ्यासारख्या मुलीनं पुढच्या सहा महिन्यांत काय शिकावं? या उत्तरांतून कामाचं खरं चित्र दिसतं. एखाद्याचा दिवस ऐकून "अरे, हे मला आवडेल" असं मनात आलं तर ते मनापासून लिहून ठेव. "बाप रे, नको" असं वाटलं तर तेही लिहून ठेव, त्याची किंमत तितकीच आहे.

साइटवर जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, गटानं जा, कॉलेजचं पत्र घेऊन जा. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट. ओढणी नको; मिक्सर आणि लिफ्टजवळ सैल कापड जीवघेणं ठरतं. सेंटरिंगखाली उभी राहू नकोस. आणि नुसती बघत फिरू नकोस. स्लंप टेस्ट (ताजा माल किती पातळ आहे ते मोजायची चाचणी) चालू असेल तर आकडा लिहून घे, क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) किती भरले आणि ते कधी फोडणार ते विचार, बार बेंडिंग शेड्यूल (सळ्या किती आणि कशा वाकवायच्या त्याची यादी) बघायला माग.

वडिलांना तू उन्हात उभी राहायला नको आहेस, हे मला समजतं. त्यांनी आयुष्य उन्हात काढलंय. पण सिव्हिल म्हणजे सगळं ऊन नाही, आणि सरकारी नोकरी म्हणजे सगळी सावलीही नाही. जलसंपदा किंवा बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याला कालव्यावर, रस्त्यावर, पुरात रात्री-बेरात्री जावंच लागतं. उलट खासगीतही डिझाइन ऑफिस, टेंडर आणि अंदाजपत्रक, प्लॅनिंग, बिमचं (बीआयएम, म्हणजे इमारतीचं संगणकावरचं) मॉडेलिंग, जीआयएस ही बैठी कामं आहेत. साइटवर मुलींना अडचणी येतात हे खरं आहे: स्वच्छतागृह नसणं, आडगावात राहायची सोय, उशिरा संपणारं काम, आणि सुरुवातीचा पगार कमी. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणूनच तुझ्या यादीतल्या दहा जणांत निदान तीन बायका असू देत, म्हणजे या गोष्टी मोकळेपणानं विचारता येतील. मुलगी साइटवर टिकत नाही असं कोणी म्हटलं तर मात्र ते ऐकून घेऊ नकोस. शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि त्यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत कारखान्यात तयार होणाऱ्या सुट्या पोलादी भागांतून पूल जोडायची क्वाड्रिकॉन ही पद्धत उभी केली. सुरुवातीचा पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीसारख्या दुर्गम भागात झाला. पी. के. थ्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या. आणि मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेल्या अय्यलसोमयाजुल ललिता यांची गोष्ट तर तुझ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरी तान्ही मुलगी असलेल्या या बाई पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामात होत्या. भोवती त्यांच्यासारख्या फार थोड्या होत्या. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीच्या सदस्य झाल्या. आपल्यासारखं काम करणाऱ्या बायका जगात आहेत हे डोळ्यांनी बघता येणं, हा संस्थेचा उपयोग कुठल्याही प्रमाणपत्रात मावत नाही.

एमपीएससीचं म्हणशील तर तो रस्ता चांगलाच आहे, माझे अनेक सहकारी त्यातूनच आले. पण जाहिरात कधी निघेल ते तुझ्या हातात नाही, आणि दुसऱ्या वर्षात अभ्यास म्हणून जे करायचं ते तुझ्या सेमिस्टरच्या विषयांपेक्षा फारसं वेगळं नाही. फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंग्थ, सर्व्हे मनापासून केलेस तर तो पाया एमपीएससीला, गेटला आणि यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सेवेला एकसारखा उपयोगी पडतो. वडिलांना हे असंच सांग. त्यांना नकार द्यायची वेळच आलेली नाही.

कोडिंगवाल्या मित्रांबद्दल एकच म्हणेन. ज्यांना ते मनापासून आवडतं त्यांनी जावं. पण कॉम्प्युटर मिळालं असतं तर सगळं सुटलं असतं, ही तुझ्या पत्रातली चुटपुट मला पटत नाही. कॉम्प्युटरच्या वर्गातली मुलंही मला हाच प्रश्न पाठवतात. पायथॉन शिकायचं असेल तर शीक आणि त्यानं पावसाच्या आकड्यांचा आलेख काढ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, त्यानंतर पुराचं गणित आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येणारी माणसं आपल्याला किती हवी आहेत, हे वेगळं सांगायला नको.

इतर शाखांच्या वाचकांनीही वर्गणीची हीच परीक्षा लावावी. मेकॅनिकलच्या मुलांना एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेत गाडी स्वतः बांधायला मिळते, पण तिथे रात्री जागून वेल्डिंग करायची तयारी हवी. कोल्हापूर परिसरातल्यांनी फाउंड्रीवाल्यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनकडे बघावं, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने शेजारीच आहेत. वातानुकूलन आवडत असेल तर इश्रे ही संस्था. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांना आयईईई, आयईटीई, कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया या संस्था. पदवी झाल्यावर वर्षभराच्या अॅप्रेंटिसशिपसाठी १९६१ च्या कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदणी करता येते, ती शेवटच्या वर्षाच्या मुलांनी विसरू नये.

तू मात्र या महिन्यात तीनच गोष्टी कर. कोऑर्डिनेटरना ते प्रश्न विचार. वडिलांसोबत एक दिवस जा. आणि वर्गातल्या चार-पाच जणींना घेऊन विभागप्रमुखांकडे मलकापूरची योजना बघायला परवानगीचं पत्र माग. मसुदा तूच लिहून ने, म्हणजे त्यांना फक्त सही करायची राहील. १५ सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस म्हणजेच इंजिनिअर्स डे, जवळ आला की संस्थांच्या केंद्रांत व्याख्यानं होतात, तेव्हा एखाद्याला जाऊन बस. एवढं झाल्यावर वर्गणीचे पैसे कुठे भरायचे की भरायचेच नाहीत, हे तू स्वतः ठरवशील. भरायचे ठरलं तर घरी मागताना काय बघितलंस आणि कोणाशी बोललीस ते वडिलांना आधी सांग, पैशांचं नंतर.